आठवण तुमची, त्यातलं घर दुसऱ्याचं

पत्र थोडक्यात असं. वाचक अमळनेर तालुक्यातल्या एका गावचे, वय ५८, नुकतेच निवृत्त झालेले. १९८४ साली दहावी झालेल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते दर रविवारी एक आठवण लिहितात. शाळा, शेत, जत्रा, मित्रांच्या खोड्या. लोकांना आवडतं, पुढे पाठवलं जातं. मध्यंतरी त्यांनी एका दिवंगत मित्रावर लिहिलं: त्याचं शेत गहाण पडलं, दारू लागली, आणि एका थंडीच्या रात्री यांनी त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. मित्राच्या मुलाच्या सोयरीकीची बोलणी चालली होती. मजकूर फिरत फिरत नेमका त्या सोयरीकीच्याच घरी गेला. मित्राच्या मुलीचा फोन आला: "काका, तुम्ही खोटं काही लिहिलं नाही. पण ते सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" दुसरं प्रकरण मदतीचं. एका वर्गमित्राच्या बायपाससाठी ग्रुपने १ लाख ४० हजार रुपये जमवले, सगळे यांच्याच खात्यावर. यांनी त्यावरही लिहिलं, सोबत दवाखान्याच्या खाटेवरच्या मित्राचा फोटो. मित्र बरा झाला, पण ग्रुपवर बोलेनासा झाला. आता उरलेल्या २२ हजारांचा हिशोब एकाने सगळ्यांसमोर मागितला आहे. घरून ऐकावं लागतं, "आते पुरे करा तुमनं लिखनं." यांना मात्र येत्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मेळाव्यात आठवणींची पुस्तिका छापून वाटायची आहे. प्रश्न असा: खरं लिहावं, गोड तेवढंच लिहावं, की बंदच करावं?

भाऊ,

बंद करू नका, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तुमच्या पिढीचं गाव कागदावर फार थोडं आहे, आणि लिहिणारा हात असताना तो खिशात ठेवण्यात शहाणपण नाही. बाकीचं मात्र जरा उलगडून बघावं लागेल.

खरं की गोड, अशी जोडी तुम्ही लावलीत. त्या मुलीने खऱ्या-खोट्याचा वाद घातलाच नाही. उलट तुम्ही खरं लिहिलंत हे तिने आधीच मान्य केलं. तिचा प्रश्न हक्काचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या पत्रात कुठे नाही. तुम्ही धरून चालला आहात की जे आपल्या डोळ्यांसमोर घडलं ते आपलं झालं. गहाण पडलेलं शेत त्याच्या घराचं होतं. दारूचे परिणाम त्याच्या बायकोने आणि पोरांनी भोगले. तुम्ही त्या घरात एका रात्री दारापर्यंत गेलात. त्या रात्रीत तुमचं जे होतं ते तुम्हाला लिहिता येईल: गाडी कोणाची आणली, बैल कसे अडले, त्याच्या अंगावर तुम्ही काय पांघरलं, दार कोणी उघडलं तेव्हा तुम्हाला काय बोलावं ते कसं सुचलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला काय विचारायचं टाळलं. शेत का गहाण पडलं, व्यसन कधी लागलं, घरात काय चालायचं, हे सांगायचं असेल तर ते त्यांना विचारून, नाहीतर नाहीच.

दुसरी एक गोष्ट तुम्ही सहज धरून चालला आहात: लोकांना आवडलं म्हणजे चाललं. ग्रुपवर अंगठे देणारे बहुतेक असे असतात ज्यांच्याबद्दल त्या दिवशी लिहिलेलं नसतं. ज्याच्याबद्दल लिहिलं तो गप्प बसतो, आणि आपल्याकडे गप्प बसण्याला लोक होकार समजतात. बायपासवाला मित्र बोलेनासा झाला, त्याचा अर्थ तुम्हाला बहुधा कळला आहे. तुम्ही तो पत्रात लिहिलेला नाही, एवढंच.

आता त्या मुलीचं. पहिलं काम आजच करा. ग्रुपवर टाकलेला मजकूर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती कधीच गेली. म्हणून दोन ओळींचा निरोप टाका: अमुक रविवारचं माझं लिखाण कृपा करून पुढे पाठवू नका आणि आपापल्या फोनमधून काढून टाका. कारण देऊ नका. सगळ्यांसमोर लांबलचक माफी मागितलीत तर ज्यांनी ते वाचलं नव्हतं तेही शोधून वाचतील, आणि ती हकिगत दुसऱ्यांदा गावभर होईल. हे फार वेळा घडतं.

मग घरी जा, फोनवर भागवू नका. वहिनींना सोबत न्या; मुलीच्या आईशी त्या जे बोलू शकतील ते तुम्ही बोलू शकणार नाही. पहिलं वाक्य 'माझा हेतू चांगला होता' हे नसावं. हेतू चांगला होता हे त्यांना माहीत आहे, म्हणून तर तिने काका म्हणून फोन केला. 'काय केलं तर बरं होईल?' एवढं विचारा आणि थांबा. सोयरीक असलेल्या घरी समजूत घालायला स्वतःहून मुळीच जाऊ नका. त्यांनी सांगितलं तर जा, आणि सांगतील तेवढंच बोला. मध्यस्थाने जास्तीचं बोलून मोडलेल्या सोयरीकी आपल्या भागात कमी नाहीत.

कायद्याचं एक कलम तुमच्यासारख्या सगळ्याच लिहिणाऱ्यांना ठाऊक असावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची व्याख्या आहे. दिवंगत माणसाबद्दलचा मजकूरसुद्धा तिच्यात येऊ शकतो: तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला धक्का बसला असता असा, आणि घरच्यांच्या भावना दुखवाव्यात या इराद्याने लिहिलेला मजकूर. तुमचा इरादा तसा नव्हता, तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. पण 'खरं आहे ना, मग झालं' हे त्या कलमातही पुरेसं धरलेलं नाही. खरं असण्यासोबत ते सांगण्यात लोकहित असावं लागतं. मित्राच्या दारूची हकिगत सांगण्यात कोणतं लोकहित होतं, याचा विचार कायद्याला बाजूला ठेवूनही करण्यासारखा आहे.

नाव बदलून लिहिलं तर, असं तुम्ही विचारलं आहे. शहरात एकवेळ चालेल. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात नावाला काही किंमत नसते. 'पाराजवळ राहायचा, बाप तमाशात ढोलकी वाजवायचा' एवढ्यावर लोक घर दाखवून देतील. माणूस खरोखर ओळखू येऊ नये असं वाटत असेल तर नावासोबत धंदा, नातं, जागा आणि साल असं सगळंच हलवावं लागतं. इतकं हलवल्यावर ती आठवण राहत नाही, कथा होते. कथा लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण मग वर 'खरी घटना' असं छापू नका.

विचारायचं कोणत्या बाबतीत? सगळ्याच नाही, शाळेच्या खोडीसाठी कोणी परवानगी मागत बसलं तर लिहिणं व्हायचं नाही. दारू, कर्ज, आजार, सोयरीक-संसार, भाऊबंदकीचा वाद आणि जात, यांतलं काही आलं की विचारायचंच. वर्गातल्या मुलींबद्दलची थट्टा तर विचारण्याच्याही पलीकडची; कोण कोणाच्या मागे होतं हे चाळीस वर्षांनी लिहिलं तर ते आज तिच्या सुना आणि जावई वाचतात. टोपणनावांचंही बघा. रंगावरून, व्यंगावरून पडलेलं नाव ज्याला हाक मारली त्याला गोड लागत होतं, असं बाकीच्यांनाच वाटत असतं.

आणि विचारायची रीत. 'तुझ्यावर थोडं लिहितोय, चालेल ना?' असं विचारलं की आपल्याकडे माणूस भिडेपोटी 'चालेल' म्हणतो. त्या होकाराला अर्थ नाही. लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, कागदावर काढून हातात द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला पूर्ण वाचून दाखवा, सारांश सांगू नका. मग विचारा, 'यातलं काय काढू?' या प्रश्नाला माणूस मोकळेपणाने उत्तर देतो, कारण त्यात तुमचं मन मोडायचं नसतं, फक्त एखादी ओळ दाखवायची असते. आठ-दहा दिवस द्या. उत्तर आलं नाही तर नकार समजा. माणूस हयात नसेल तर बायको-मुलांना विचारा. घरात दोन मतं पडली तर ज्याला त्या लिखाणाचा परिणाम रोज सोसायचा आहे त्याचं मत धरा; तुमच्या बाबतीत ते लग्नाच्या मुलाचं आहे, पुण्यात राहणाऱ्या चुलत्याचं नाही.

इथवर सगळं काढायचं, थांबायचं, विचारायचं झालं. मग लिहायचं काय?

तुमच्या पत्रात त्या मित्राबद्दल एक ओळ ओझरती आली आहे: तो जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरायचा. भाऊ, लेख तिथे होता, आणि तुम्ही तो दारूच्या शेजारी टाकून पुढे गेलात. पंच्याऐंशी-शहाऐंशी साली कमी दाबाच्या विजेवर विहिरीवरच्या मोटारी चालायच्या, तीनपैकी एक फेज गेला की मोटार घुमायची, आणि कोणी वेळेवर स्टार्टर पाडला नाही तर कॉइल जळायची. ऐन पाण्याच्या पाळीला मोटार जळाली की केळीचं, उसाचं काय व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा लोक या माणसाच्या दारात मोटार आणून टाकायचे. तो काय करायचा ते लिहा. जळालेली तार कापून काढण्याआधी फेरे मोजायचा का, वहीत मांडून ठेवायचा का? त्याच गेजची तांब्याची तार कुठून आणायचा, अमळनेरहून की धुळ्याहून? तार मिळाली नाही तर काय करायचा? खोबणीत इन्सुलेशनचा कागद घालणं, कॉइल बसवणं, दोऱ्याने बांधणं, वार्निश पाजणं आणि ते वाळवणं. वाळवायला उन्हात ठेवायचा की दोनशेच्या बल्बखाली? वार्निश ओलं असताना मोटार चालू करण्याची घाई कोणी केली आणि ती पुन्हा जळली, असं झालं होतं का? एका मोटारीचे किती घ्यायचा, आणि कोणाकडून घ्यायचा नाही? असं पाचशे शब्दांत आलं तर त्या मुलीला ते आपल्या सासरी दाखवावंसं वाटेल. हे गोड लिखाण नव्हे. दारूच्या हकिगतीइतकंच हेही खरं आहे, आणि यात माहिती जास्त आहे.

रोजच्या जगण्यावर लिहिताना बिघडतं ते इथेच. 'काय ते दिवस होते', 'आता ती माणसं राहिली नाहीत', 'तेव्हा प्रेम होतं' या ओळी कोणत्याही गावाला आणि कोणत्याही सालाला बसतात, म्हणून त्या काढा. त्याजागी काम, वस्तू, भाव, अंतर आणि खाणं येऊ द्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता की बाजरीची; शाळेला किती पायी चालायचं, बोरी नदीला पाणी आलं की कोणत्या वाटेने जायचं; सायकल भाड्याने तासाला किती होती. एका लेखात एकच दिवस किंवा एकच माणूस घ्या. ४०० ते ६०० शब्द पुरतात. लिहून झालं की आठ दिवस ठेवून द्या आणि मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य वाकडं आहे, आणि जिथे तुमचाच आवाज लाडिक होतो तिथली दोन वाक्यं जास्तीची आहेत. दर रविवारी टाकलंच पाहिजे हा नेम मोडा. नेमामुळेच तुम्ही त्या रविवारी हाताला लागलं ते टाकलंत, असा दाट संशय आहे.

भाषेबद्दल तुम्ही संकोचाने विचारलं आहे. निवेदन मराठीत ठेवा आणि माणसं बोलतील ती अहिराणीत बोलू द्या. 'कथा चालना रे भो?' असं जो बोलला त्याच्या तोंडी 'कुठे निघालास मित्रा' घालू नका. अर्थ कंसात देत बसू नका, पुढच्या वाक्यात कळेल अशी सोय करा. तापीकाठची अहिराणी वेगळी, साक्रीकडची वेगळी. तुमच्या गावची जशी ऐकू येते तशी लिहा, आणि डोळ्याला एकदा 'डोया' लिहिलं की शेवटपर्यंत 'डोया'च ठेवा.

आठवणी पडताळून बघायला मात्र विसरू नका. साठीजवळच्या माणसाच्या डोक्यात सालं एकमेकांत सरकलेली असतात. तुम्ही लिहिलं आहे की १९८६ मध्ये मित्र उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा फॉर्म भरायला जळगावला गेला. ते विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे एकतर साल चुकलं आहे, नाहीतर विद्यापीठ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे त्याआधीच्या आठवणीत नंदुरबारचा कलेक्टर येऊ शकत नाही. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारी खरेदीलाच घालायची सक्ती, राज्यात १९७२ पासून होती; तुमच्या बाबांनी पंच्याऐंशीत कापूस व्यापाऱ्याला घातला असेल तर तो लपूनछपून घातला असणार, आणि मग लिहिण्याची गोष्ट तीच आहे. शाळेच्या तारखा जनरल रजिस्टरमध्ये किंवा दाखल्यावर सापडतात, शेताच्या सात-बारा आणि फेरफारावर. जिथे सापडत नाही तिथे 'दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी' असं मोघम लिहिलं तरी चालतं. चुकीचं नेमकं साल नको. आणि प्रत्येक लेखाखाली लिहिल्याची तारीख आणि गाव घाला. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपून ठेवले आहेत. तशा कागदावर तारीख, गाव, नाव काहीच नसेल तर तो वाचणाऱ्याच्या किती उपयोगाला येईल?

आता पैसे. इथे जरा कडक बोलावं लागेल, कारण यात तुमची पत जाते आणि मित्रही जातात.

हिशोब मागणाऱ्यावर रागावू नका. त्याने सगळ्यांसमोर मागितला हे बरंच झालं; मागे बोलला असता तर तुम्हाला उत्तरही देता आलं नसतं. या आठवड्यात एका पानावर मांडा: तारीख, जमा, खर्च, पावती क्रमांक, शिल्लक. दवाखान्याच्या आणि औषधाच्या पावत्यांच्या प्रती जोडा. वर्गातल्याच दुसऱ्या एकाला तपासायला लावून त्याची सही घ्या, मग ग्रुपवर टाका. देणाऱ्यांची नावं अकारविल्हे द्या, पण नावापुढे रक्कम लिहू नका. दोनशे देणाऱ्याने त्याच्या परीने दिलेलं असतं, आणि दहा हजारवाल्याच्या खाली नाव आलं की पुढच्या वेळी तो देतच नाही. ज्याला आपली नोंद बघायची त्याला एकट्याला दाखवा.

उरलेले २२ हजार तुमचेही नाहीत आणि ग्रुपचेही नाहीत. ते एका माणसाच्या उपचारासाठी दिलेले आहेत. बायपासनंतर औषधं, तपासण्या चालू राहतात, तेव्हा आधी त्याच्या घरी विचारा. गरज असेल तर दुकानदाराला परस्पर द्या आणि पावती ठेवा. त्यांना नको असतील तर देणाऱ्यांना त्यांच्या वाट्याप्रमाणे परत करा. १ लाख ४० हजारांवर २२ हजार म्हणजे हजार देणाऱ्याला १५७ रुपये. एवढ्याशासाठी कोण परत घेणार, असं म्हणू नका. विचारा. बहुतेक जण 'राहू द्या, दुसऱ्या कामाला लावा' म्हणतील, आणि मग तो निर्णय त्यांचा असेल. शाळेला पुस्तकं घ्यायची ती त्यानंतर.

पुढच्या वेळी गोळा करण्याआधी काही दारं ठोठवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात; मागितल्याशिवाय त्या कोणी देत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी वेगळा. एवढं करूनही कमी पडलं तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर पाठवायला सांगा. तुमच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. तुमच्या नेहमीच्या व्यवहारात ते मिसळतात, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त रक्कम आली की ती करपात्र धरली जाऊ शकते, मग सिद्ध करत बसायचं तुम्ही. वर्गाच्या कायमच्या कामासाठी दोन सह्यांचं वेगळं खातं काढा. ग्रुपबाहेर, गावात आणि तालुक्यात आवाहन करायचं असेल तर गोष्ट आणखी बदलते: गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी घेतात, तसं तुम्हीही तिथे आधी विचारा. आयकरातल्या, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देणगी-सवलतीची पावती नोंदणीकृत, मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, ग्रुप नाही. कोणाला तसं आश्वासन देऊ नका.

आणि खाटेवरचा तो फोटो. नाकात नळी असलेल्या माणसाला 'फोटो काढू का' विचारलं तर तो नाही म्हणूच शकत नाही, आणि मदत घेणारा तर त्याहून नाही. चेहऱ्याशिवाय मदत येत नाही असं तुम्हाला वाटतं. वर्गमित्रांच्या बाबतीत ते खोटं आहे. ते त्याला चाळीस वर्षांपासून ओळखतात. त्यांना कळायला हवं ते एवढंच: काय झालंय, एकूण किती लागणार, योजनेतून किती मिळतंय, कधीपर्यंत हवेत, कोणत्या खात्यावर भरायचे, आणि हिशोब कोण ठेवणार. शाळेत वह्या वाटतानाही मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. वह्यांच्या गठ्ठ्याचा काढा. मित्राकडे मात्र फोटोची सफाई द्यायला जाऊ नका. फोटो काढून टाकल्याचं सांगा, हिशोबाचं पान द्या, आणि नंतर कधीतरी चहाला बोलवा. त्याच्यावर पुढची दोन वर्षं काही लिहू नका, कौतुकसुद्धा.

पुस्तिका अखाजीला वाटायची कल्पना चांगली आहे. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घागरी भरताना गेलेल्यांची नावं घराघरात निघतात, आणि विचारायचं राहिलेलं विचारायला सगळे एका जागी असतात. पण मजकूर तेव्हा जमवायला बसलात तर पुढच्या अखाजीला छापून होईल, म्हणून दहा आठवडे आधी यादी पक्की करा. ए-५ आकारात बारा पॉइंटच्या मराठीत पानाला सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात. पाचशे शब्दांचे वीस-बावीस लेख, आठ-दहा फोटो, दोन पानं मथळ्याची, असं ६० पानांत होतं. मधोमध पिन मारायची तर पानं चाराच्या पटीतच लागतात: ५६, ६०, ६४. कोणाचा होकार आला नाही आणि लेख गळाला, तर चार पानं कमी करा. रिकामी जागा भरायला दुसरं काही घुसडू नका. शे-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई सोयीची, तीनशेच्या पुढे ऑफसेटचा भाव विचारा. आत ७० जीएसएम कागद पुरतो.

फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने मागवू नका, ते आकसतात आणि छापल्यावर धुरकट दिसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पोस्टकार्डाएवढा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून तो ओढून काढू नका, फाटतो; पानासकट स्कॅन करा. फोटोमागे नावं बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं, आणि शाई पसरते. मऊ पेन्सिल घ्या. वर्गाच्या सामूहिक फोटोतली नावं ओळीओळीने डावीकडून लिहा, आणि जो ओळखू येत नाही तिथे प्रश्नचिन्ह राहू द्या. मेळाव्यात कोणीतरी सांगेल.

सगळ्यात जास्त घोळ छापखान्यात होतो. तुम्ही मोबाईलवर टाईप करता ते युनिकोड असतं, आणि तालुक्याच्या बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर पानं लावतात. एकातून दुसऱ्यात नेताना 'दुसऱ्या'तला ऱ्या, 'कर्म'चा रफार, 'ॲ' आणि काही जोडाक्षरं फुटतात, आणि तुमच्या अहिराणी संवादांची 'चूक' समजून ऑपरेटर ती सुधारून टाकतो. म्हणून पूर्ण पुस्तिका देण्याआधी याच अक्षरांचं एक पान लावून, कागदावर छापून मागा. अहिराणी ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून 'जसंच्या तसं' लिहून द्या. शेवटचं प्रूफ तुम्ही स्वतः वाचू नका, तुम्हाला मजकूर पाठ झालेला असतो आणि डोळा चुकीवरून पुढे जातो. गावात राहणाऱ्या आणि अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या शिक्षकाला बसवा. नावं आणि सालं यांची वेगळी यादी त्याच्या हातात द्या, ती मजकुराशी एकेक करून ताडून बघू दे. ठरल्यापेक्षा वीस-पंचवीस प्रती जास्त छापा. वर्गातल्या मुली आपल्या सासरी न्यायला एकेक जादा प्रत मागतीलच.